वादग्रस्त निर्मात्याची मुलाखत : आधी मालक की आधी कलाकार?

बाराबंदी

नमस्कार मंडळी. सोलापुरात आम्ही काही जण मिळून एक माहितीपट करतोय. विषय आहे एक जुने निर्माते. सुरुवात ऑर्केस्ट्रापासून, मग लोकनाट्याचा फड, मग लोकगीतांच्या कॅसेटी. वय ऐंशीच्या पुढे. जिल्ह्यातल्या कित्येक कलावंतांना पहिलं स्टेज त्यांनी दिलं हे खरं. त्यातल्याच कित्येकांचे पैसे आणि गाण्यांवरचं नाव त्यांनी गिळलं, हा आरोपही जुना आहे. एक प्रकरण कोर्टातही गेलं होतं. आता ते कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झालेत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. कुणी ओळखलं तरी इथे लिहू नये ही विनंती.

प्रश्न दोन. मुलाखत आधी त्यांची घ्यावी की कलाकारांची? आणि ती त्यांच्या घरी घ्यावी (पूर्वभागात राहतात, भिंतीला लागून माग आहेत) की बाहेर खोली बघावी?

माझं मत, आधी त्यांचीच. वय बघता थांबणं परवडणार नाही. आणि आम्ही कलाकारांकडे जाऊन आलो ही बातमी कन्ना चौकात पोचली की ते दार लावून घेतील.

वहीखातं

आधी दोघांपैकी कुणीच नाही. आधी कागद.

अशा माणसाला "तुम्ही पैसे बुडवले का?" विचारलं तर "छे, मी तर पोसलं त्यांना" एवढंच उत्तर येणार, आणि त्यावर तुमच्याकडे पुढचा प्रश्न नसणार. फडाचा हिशेब कसा चालतो ते पक्कं समजून जा. हंगाम दसऱ्याच्या आसपास सुरू होतो, उन्हाळ्यातल्या जत्रा संपल्या की उठतो. कलाकार हंगामाआधी उचल घेतो. ठरलेल्या पगारातून ती फिटत जाते. हंगाम संपताना उचल फिटलेली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि तेवढ्यासाठी त्याला त्याच फडात राहावं लागतं. भांडण नेमकं इथे असतं. खाडे किती धरले, आजारपणाचे दिवस कापले का, दवाखान्याचा खर्च कुणाच्या नावावर टाकला, पावसाने खेळ बुडाला तर पगार चालू की बंद, आणि कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेतला होता का.

हे एकेक करून विचारायचं. "हंगामाच्या शेवटी हिशेब कोण वाचून दाखवायचं?" या प्रश्नाला हो-नाही म्हणून सुटता येत नाही. कीर्द-खतावणी अजून घरात असेल तर ती कॅमेऱ्यासमोर उघडायला सांगा. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणं येतं, हेही माहीत असू द्या. त्यांच्या तोंडावर फेकायला नव्हे, आपण काय विचारतोय ते आपल्याला कळावं म्हणून.

तुणतुणं

वहीखातं यांचं पटलं, पण ऑर्केस्ट्राचा आणि कॅसेटचा हिशेब वेगळा. ऑर्केस्ट्रात रात्रीचं पाकीट. कॅसेटमध्ये बहुतेकांना एकदाच रोख रक्कम, कागद नाही. तीन धंदे, तीन तऱ्हेचे आरोप. एकाच प्रश्नात गुंडाळू नका.

ध्वनिलहरी

जागेबद्दल लिहितो.

मागाशेजारी मुलाखत घेऊ नका. धोट्याचा ठोका दोन वाटांनी येतो. खिडकीतून हवेतून येणारा आवाज कमी करता येतो, पण जमिनीतून आणि भिंतीतून येणारी धडधड थांबवता येत नाही. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं तर धडधड थोडी उतरते, ठोक्याची खटखट मात्र बोलण्याच्याच पट्ट्यात बसते. ती नंतर काढायला गेलात तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

खोली बाहेर बघितली तरी रिकाम्या खोलीत घुमतं. त्यावर आपल्याकडे घराघरांत उपाय आहे. जाड चादरी. कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर आणि बोलणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोरीवर दुहेरी टाकायच्या, भिंतीपासून चार बोटं लांब. एक खाली फरशीवर, एक टेबलावर, म्हणजे टेबलावरून आवाज उसळत नाही. घुमणं जातं. बाहेरचा आवाज चादरीने अडत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

माइक दोन ठेवा. एक कॉलरचा, हनुवटीपासून वीतभर खाली. एक वरून दांडीवर, डोक्यापासून दीड-दोन फुटांवर, चौकटीच्या जरा बाहेर. दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. जुनी माणसं खळ घातलेला पांढरा सदरा घालतात. त्याची चुरचुर कॉलरच्या माइकमध्ये प्रत्येक हालचालीला येते. आदल्या दिवशी धुतलेला, बिनखळीचा सदरा घालायची विनंती करा. गळ्यात साखळी असेल तर आत किंवा काढून. पंखा बंद, एसी बंद, फ्रिजची पिन काढलेली. फ्रिज परत लावायचं विसरू नये म्हणून कॅमेऱ्याची पिशवी फ्रिजवर ठेवा.

मुलाखत संपली की सगळ्यांना जागेवर बसवून एक मिनिट गप्प खोलीचा आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये तोच भरावा लागतो.

दाजीपेठ

पंखा बंद, एसी बंद, आणि ऐंशीचं माणूस? मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या वर जातो बे आपल्याकडे! सकाळी सातला बसा, दहाला उठा. वीस मिनिटं बोलणं, दहा मिनिटं पंखा आणि पाणी. जेवणाआधी संपवायचं.

रिळवाला

दाजीपेठ यांच्या वेळापत्रकाला हात जोडून पाठिंबा. त्यात भर. सकाळच्या उन्हाची तिरीप दर पंधरा मिनिटांनी सरकते आणि चेहऱ्याचा उजेड बदलतो. खिडकीला पांढरं कापड लावा, मुख्य दिवा स्वतःचा ठेवा, चेहऱ्याच्या बाजूला ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या वर. चष्म्यात दिवा चमकला तर दिवा आणखी वर घ्या, नाहीतर चष्म्याची काडी कानापासून किंचित उचला, काच खाली झुकते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लकलकते.

दोन कॅमेरे. १०० मेगाबिटने चित्रीकरण केलं तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, चार तास, म्हणजे ३६० जीबी. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. कार्ड कोरं करण्याआधी दोन्ही प्रती उघडून बघा.

आता मूळ मुद्दा. विक्रम जयंती यांनी बीबीसीसाठी फिल स्पेक्टर या संगीत निर्मात्याची मुलाखत घेतली, तेव्हा स्पेक्टरवर खुनाचा आरोप होता. लाना क्लार्कसन ही अभिनेत्री २००३ मध्ये त्याच्या घरात गोळी लागून मेली. २००७ चा खटला ज्युरीचं एकमत न झाल्यामुळे निकालाविना संपला, २००९ मध्ये तो दोषी ठरला आणि २०२१ मध्ये कैदेत असतानाच वारला. त्या माहितीपटात त्याला त्याच्या गाण्यांवर मनसोक्त बोलू दिलंय, आणि मध्ये मध्ये कोर्टातलं चित्रण येतं. माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलताना किती उघडा पडतो ते तिथे दिसतं. पण तोल त्याच्याकडे झुकलाय असं माझं ठाम मत आहे. तो जितका वेळ बोलतो तितका वेळ क्लार्कसनच्या बाजूने बोलायला कुणी नाही. तुमच्याकडे कलाकार जिवंत आहेत. हा फरक वाया घालवू नका.

नंदीध्वज

मुलाखतीचे पैसे मागितले तर? अशी माणसं मागतात.

वहीखातं

द्यायचे नाहीत. गाडीभाडं, जेवण, दिवस मोडला त्याची भरपाई एवढंच, आणि ते सगळ्यांना सारख्या दराने. ब्रिटिश पत्रकार डेव्हिड फ्रॉस्टने अमेरिकेचे माजी अध्यक्ष निक्सन यांना १९७७ च्या मुलाखतीसाठी सहा लाख डॉलर आणि नफ्यात वाटा कबूल केला, त्यावर केवढी टीका झाली. मुलाखत तरली ती तयारीमुळे. त्याच्या संशोधकाने निक्सन आणि त्यांचा सहायक कोल्सन यांच्या संभाषणाचे लोकांसमोर न आलेले उतारे आधीच शोधून ठेवले होते. पुन्हा तेच, आधी कागद.

आपल्याकडे हे कागद कुठे मिळतील? कोर्टातल्या निकालाची प्रमाणित प्रत तिऱ्हाईतालाही अर्ज करून मागता येते. जाहिराती आणि खेळांच्या तारखांसाठी जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या फायली. हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. तिकिटाच्या काही खेळांवर करमणूक कर होता, तो २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत चालला. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या त्या शाखेची जुनी दफ्तरं शिल्लक असतील तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. वगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर) गेली असेल तर तिच्यावर लेखकाचं नाव कुणाचं घातलं होतं, ते मालकांच्या घरापेक्षा तिथे नीट कळेल.

वकीलपेठ

कायद्याचं लिहितो, कारण अशा कामात शेवटी इथेच अडतं.

१) बदनामी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, १ जुलै २०२४ पासून लागू. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. "हे आम्ही नाही, मुलाखत देणारा बोलला" हा बचाव होत नाही. प्रसिद्ध करणाराही जबाबदार असतो. खरं आणि लोकहिताचं असेल तर अपवाद आहे, पण खरं असल्याचं दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून आरोप, गुन्हा दाखल, दोषारोपपत्र, निकाल या चार पायऱ्या निवेदनात कधीही एकमेकींत मिसळू नका. त्या कोर्टाच्या प्रकरणात ते सुटले असतील तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत पडद्यावर यायला हवं.

२) उत्तराची संधी. प्रत्येक आरोप लेखी कळवा, किमान सात दिवस द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तसं दाखवा.

३) संमतीपत्र. कॅमेरा सुरू होण्याआधी सही, आणि कॅमेऱ्यासमोर तोंडीही. त्यात "अंतिम संकलन दाखवून मंजुरी घेऊ" हे वाक्य चुकूनही नको. तथ्य तपासण्यासाठी त्यांचीच वाक्यं त्यांना वाचून दाखवणं वेगळं, मंजुरी वेगळी.

४) लैंगिक छळाचं काही पुढे आलं तर बलात्कारासारख्या गुन्ह्यांतल्या पीडितेची ओळख उघड करणं हा त्याच संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव लपवलं आणि गाव, फड, वर्ष सांगितलं तरी ओळख पटते.

५) कच्चं चित्रण फेकू नका. कोर्टात लागलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश (फाइलवरून काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा क्रमांक) लिहावा लागतो. चित्रीकरणाच्या दिवशीच काढून ठेवा.

आणि एक, जे कुणीच विचारलेलं नाही. त्यांच्या कॅसेटमधली गाणी माहितीपटात वाजवणार असाल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा त्यांच्याकडेच आहे. प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. चाल परंपरागत असली तरी मुद्रण त्यांचं. टीका किंवा समीक्षेसाठी लहान तुकडा वापरता येतो, पण अख्खं गाणं पार्श्वसंगीत म्हणून नाही. अवघड प्रश्न विचारून झाल्यावर परवानगी मागायला गेलात तर काय होईल ते उघड आहे. परवाना आधी, लेखी.

तुणतुणं

हे मला खटकतं. गोड बोलून गाण्यांची परवानगी काढायची आणि मग हिशेब विचारायचा, ही तर त्यांचीच रीत झाली. कलाकारांकडून अंगठा असाच घेतला म्हणून तर आपण चिडलोय.

वकीलपेठ

तुणतुणं, आक्षेप रास्त आहे. म्हणून पहिल्याच पत्रात विषय स्पष्ट लिहायचे: कारकीर्द, कॅसेटी, कलाकारांचे हिशेब, श्रेय, कोर्टाचं प्रकरण. प्रश्न द्यायचे नाहीत, विषय द्यायचे. पाचही विषय वाचून त्यांनी परवान्यावर सही केली तर त्यात लबाडी उरत नाही. नाही केली तर तुकड्यांवर भागवा.

कडक_भाकरी

जुन्या कॅसेटी आहेत म्हणता, त्यांची अवस्था बघितली का? मुलाखत राहील तशी राहील, पण कॅसेट गेली की गेली. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. आत फितीमागे स्पंजाचा किंवा फेल्टचा छोटा तुकडा असतो तो गळून पडलेला असतो. तो नसेल तर आवाज मंद आणि तुटक येतो. स्क्रूवाली कॅसेट उघडून दुसऱ्या कॅसेटीतला तुकडा बसवता येतो. चिकटवलेली असेल तर फीत काढून नव्या खोक्यात घाला. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. हेडचा तिरपेपणा प्रत्येक कॅसेटला छोट्या स्क्रूने जुळवा, सगळ्यात तीक्ष्ण आवाज येतो तिथे थांबा. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवा, खरखर कमी करायच्या भानगडीत पहिल्या प्रतीत पडू नका. आणि वेष्टनाच्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो.

नंदीध्वज

वेष्टनावर नाव नसतं हाच तर वाद आहे ना? "पारंपरिक" म्हणून छापायचं आणि मोकळं व्हायचं.

तुणतुणं

नंदीध्वज, तुम्ही नस पकडलीत. त्या नावाचा संबंध थेट पोटाशी आहे. शासनाचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन मिळवायला कामाचे पुरावे जोडावे लागतात. ज्या बाईने बारा कॅसेटींत गायलं आणि वेष्टनावर फक्त "आणि साथी" छापलंय, ती काय जोडणार? ढोलकीवाल्याचं तर "साथी"तही नाव नाही.

म्हणून मुलाखतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग पैशाचा नाही, हा आहे. कॅसेटी टेबलावर मांडा. एकेक उचलायची, एकेक गाणं वाजवायचं, आणि विचारायचं: कोण गातंय? शब्द कुणाचे? ढोलकी कुणाची? कोणत्या गावची बाई? ऐंशीचा माणूस "तुम्ही अन्याय केलात का" याला उत्तर देणार नाही, पण स्वतःच्या गाण्यातला आवाज ओळखायला तो एका पायावर तयार असतो. नावं घेईल, अभिमानाने घेईल. त्याच दिवशी त्याची यादी टाइप करून, गाण्यापुढे नाव, खाली त्यांची सही. माहितीपट होवो न होवो, ही यादी कलाकारांच्या हातात पडली पाहिजे.

वकीलपेठ

सही घेतलेल्या यादीचं मोल मोठं आहे. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीनंतरचा लेखी करार सापडला आणि त्यात मुदत लिहिलेली नसली, तर हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. दुरुस्तीच्या आधीच्या करारांना हे लागू नाही. म्हणून यादीत वर्षही लिहा.

बाराबंदी

हे सगळं वाचून आमचा आराखडाच बदलावा लागतोय. पण मूळ प्रश्न तसाच आहे. नावांची यादी त्यांच्याकडून घ्यायची तर ते आधी. हिशेब विचारायचा तर कलाकार आधी. मग?

रिळवाला

दोन बैठका करा. पत्रातच दोन लिहा, मध्ये दहा-पंधरा दिवस. पहिल्या बैठकीत कारकीर्द आणि कॅसेटी. मधल्या दिवसांत कलाकार. दुसऱ्या बैठकीत हिशेब आणि कोर्ट. कपडे, खुर्ची, दिवा तोच ठेवू नका. दोन दिवस आहेत हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे, नाहीतर पहिल्या दिवशीचं हसू दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नाला जोडल्याचा आरोप तुमच्यावर येईल.

वहीखातं

मान्य, एका अटीवर. कागद पहिल्या बैठकीआधीच हातात हवेत, आणि कोर्टाच्या प्रकरणावरचे निदान दोन प्रश्न पहिल्याच दिवशी शेवटी विचारून घ्या. दुसऱ्या बैठकीला तब्येत साथ देईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

तुणतुणं

मधले दिवस पावसाळ्यात धरा. फड उठलेले असतात, माणसं गावात सापडतात. मोडनिंबकडच्या कलाकेंद्रांतल्या बायकांना मात्र सुट्टीचा असा हंगाम नसतो. तिथे दुपारी जा, रात्री नाही. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूर रस्ता टाळा.

ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांचा आवाज यंत्राने जाड-बारीक करून भागवू नका. तो परत मूळपदावर आणता येतो. शब्द तेच ठेवून दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या. गोंदण, घराची भिंत, देव्हाऱ्यातले फोटो चौकटीत येऊ देऊ नका.

दाजीपेठ

आणि दाखवणार कुठे? हुतात्मा स्मृती मंदिरात ठेवला तर अख्खं सोलापूर येईल.

वकीलपेठ

सभागृहात जाहीर प्रदर्शन म्हणजे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागणार, माहितीपट असला आणि तिकीट नसलं तरी. अर्ज ऑनलाइन होतो. यूट्यूबवर टाकायला ते लागत नाही, बदनामीचा कायदा मात्र तिथेही तसाच लागू.

ध्वनिलहरी

आराखडा बदलतोय तर एक तांत्रिक मुद्दा. पहिल्या बैठकीत गाणी वाजवणार, तेव्हा ती स्पीकरवर लावू नका. स्पीकरचं गाणं त्यांच्या माइकमध्ये शिरलं की त्यांचं बोलणं गाण्यापासून सुटं करता येत नाही, आणि परवाना मिळाला नाही तर तो अख्खा तुकडा अडकतो. त्यांना एका कानाचा हेडफोन द्या. त्या वयात ऐकू कमी येत असेल तर आधी विचारून कोणता कान चांगला ते बघा, हेडफोन कॅमेऱ्यापासून लांबच्या बाजूला येईल अशी खुर्ची फिरवा. गाणं संकलनात स्वच्छ प्रतीतून जोडायचं.

बाराबंदी

उजवा कान चांगला आहे. म्हणजे कॅमेरा डावीकडे. पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकतो, वकीलपेठ आणि तुणतुणं यांनी त्यातली भाषा तपासून द्यावी. नावांच्या यादीसाठी गाणं, गायिका, कवी, ढोलकी, गाव, वर्ष असे सहा रकाने केलेत. आणखी काही हवं का?

कडक_भाकरी

सातवा: कॅसेटची बाजू. अ की ब. आणि आठवा, फीत कितव्या मिनिटाला आहे ते.